शिवांजली कुठं बघते

११ नोव्हेंबर, सोमवार

सोलापूरच्या डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय: श्वास कसा, छातीत काही जाणवलं का, झोप किती. तर श्वास ठीक. छाती ठीक. झोप भरपूर. दुपारच्या गोळीनं डोळ्यांवर साय धरते आणि जागेपणीही मी झोपेच्या काठावरच असतो. हे झालं डॉक्टरांचं. आता माझं.

आज सकाळी मैदानावर धुकं होतं. आमच्या मुरूम गावात असं धुकं मोजकेच दिवस उतरतं. दोन्ही खांब नाहीसे झाले होते. 'खो' असा आवाज यायचा, मग त्या आवाजामागून एक मुलगी बाहेर पडायची, पळायची आणि परत विरघळून जायची. मी खुर्चीत बसून बघत होतो. शाळेत सगळं आयुष्य खो-खो शिकवण्यात गेलं, निवृत्तीनंतरही मुलींचं मंडळ चालवतोय, पण हा खेळ इतका अलगद, जमिनीला न टेकलेला कधी दिसला नव्हता.

धुक्यातही एक गोष्ट मात्र दिसलीच. शिवांजली पळता पळता दुसरीकडं बघते.

पळणाऱ्यांत तिच्यासारखी मुलगी मंडळात दुसरी नाही. बसलेल्या मुलींच्या रांगेतून ती अशी निघते की मागच्या मुलीला वाटावं, आपण सावलीच्या मागं लागलोय. पण यंदाच्या पावसाळ्यापासून काहीतरी बिनसलंय. ऐन वेळी मान वळते. डोळ्याची पापणी लवावी इतकंच. तेवढ्यात पाठीवर हात पडतो आणि ती बाद.

कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या महिन्यात धाराशिवला जिल्हा संघाची निवड चाचणी आहे. निवड झाली तर राज्य स्पर्धा आणि पुढचं सगळं. नाही झाली तर बारावीनंतर नर्सिंग, असं तिच्या आईनं ठरवलंय, आणि मग खेळ संपला.

ती बघते ते पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याकडं. टाकीमागून उमरग्याचा रस्ता जातो, उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात. मी करिश्माला म्हणालो, त्या रस्त्यावरून त्या वेळी कोण जातं, जरा लक्ष ठेव. करिश्मा माझी जुनी विद्यार्थिनी. पोलीस भरतीची तयारी करते. जुलैपासून मला मैदानावर पळायला बंदी आहे, त्यामुळं धावपळीचं सगळं काम तिच्याकडं. माझी खुर्चीही तिनंच टाकीच्या सावलीला ठेवलीय. तिनं रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि "बघते सर" म्हणाली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

श्वास, छाती, झोप ठीक.

आज नवा प्रयोग. सगळ्या मुलींना मैदानावर उताणं झोपवलं, डोळे मिटायला सांगितले. म्हणालो, आता मनातल्या मनात पळायचं. तळव्याला माती लागू दे. मागची मुलगी किती जवळ आहे ते कानानं ऐका. कुठून निघायचं ते आधी दिसू दे, पाय नंतर हलू देत.

बराच वेळ काहीच हललं नाही. वरून बगळ्यांची एक ओळ गेली. लांबच्या हायवेवर ट्रकांचा आवाज, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. दोन-तीन मुलींचे पंजे मधूनच हलत होते, झोपलेल्या मांजरीचे हलतात तसे. मलाही डुलकी लागली असावी. मी तिशीतला होतो, अनवाणी पळत होतो, आणि मैदानाला शेवटच नव्हता.

मग एकेकीला विचारलं काय दिसलं. सृष्टीला म्हणे जिलेबीची परात दिसली. सगळ्या हसल्या. सृष्टी गुणी आहे, पळते सरळ, बघते सरळ, पण भूक लागली की संपलं. शिवांजली उठून बसली तेव्हा तिच्या पापण्यांवर दव होतं. म्हणाली, "मैदान दिसलं सर. खुर्ची दिसली. तुम्ही नव्हता."

मी शाबास म्हणालो. खेळाडूला मार्गदर्शक दिसताच कामा नये. हेच तर मी इतकी वर्षं सांगतोय. बाकीच्यांना म्हणालो, हिच्याकडून शिका.

ती हसली नाही. कौतुक पचवायलाही शिकवावं लागणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

उमरग्याहून व्यंकट त्याच्या मुलींना घेऊन सरावाच्या सामन्याला आला होता. जुना दोस्त. आल्या आल्या माझ्या तब्येतीची चौकशी. झालं काय होतं, असं त्यानं विचारलं म्हणून मी जुलैतली हकीकत सांगितली. इथंही लिहून ठेवतो, कारण ती खरी माझ्या तब्येतीची नाहीच, मुलींची आहे.

सराव चालू होता. मी शिट्टी तोंडात धरून रेषेवर उभा होतो. छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं आणि मी खाली बसलो, मग आडवा झालो. एवढंच आठवतं. नंतर करिश्मानं सांगितलं की मी पडलो तरी मुली खेळतच होत्या. बसलेल्यांतल्या निम्म्यांची पाठ माझ्याकडं, बाकीच्यांची नजर खेळावर, आणि आमच्याकडचा नियम असा की शिट्टी झाल्याशिवाय थांबायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. मैदानात कुत्रं शिरलं, पाऊस आला, कुणाचे वडील हाका मारत आले, तरी नाही. करिश्मा पाणी घेऊन परत आली आणि ओरडली तेव्हा कुठं खेळ थांबला. मग उमरगा, तिथून सोलापूर, आणि रक्ताच्या नळीत जाळी बसवून परत.

व्यंकटला मी म्हणालो, "गुरू पडला तरी माझ्या पोरी पळत राहिल्या. याला म्हणत्यात एकाग्रता." तो हसून माझ्या पाठीवर थाप मारणार होता, मग आठवण होऊन त्यानं हात मागं घेतला.

शिवांजली तिथंच पाहुण्यांसाठी पाणी भरत होती. तिच्या हातून कळशी निसटली, सगळं पाणी तिच्या पायांवर. बघा, कळशीतही लक्ष नाही.

सामन्यात पहिल्याच खोला बाद झाली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रस्त्याचा दोष असेल तर रस्ताच नको म्हणून सराव बाजार समितीच्या मागच्या पटांगणात नेला. तिथं ना रस्ता, ना टाकी. सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी होती, मी तिच्यावर पाठ टेकून बसलो. ऊन कोवळं होतं, पोत्यांतून उबदार वास येत होता. थोडा वेळ सगळं छान चाललं.

मग शिवांजली रांगेतून निघाली आणि मान वळली. पोत्यांकडं.

काय बघते ही? तिथं बघण्यासारखं होतं काय? सोयाबीन आणि मी.

आज खरंच राग आला. राग आला की डाव्या खांद्यात थोडं दुखतं, पण ते पोत्याला टेकल्यामुळं असेल.

२४ नोव्हेंबर, रविवार

परत आपल्या मैदानावर. आज गोंगाटाचा सराव. चाचणीत लाऊडस्पीकर असतो, प्रेक्षक ओरडतात, दुसऱ्या तालुक्याच्या मुली मुद्दाम डिवचतात. म्हणून निम्म्या मुलींच्या हातात थाळ्या-डबे दिले, करिश्माच्या तोंडी जत्रेतली पिपाणी. सृष्टी तर शिवांजलीच्या नावानं काहीबाही ओरडत होती, हिची वेणी सुटली, हिच्या पाठीवर पाल हाय, आणि स्वतःच हसून लोळत होती.

शिवांजलीनं कशाकडंही बघितलं नाही. अक्षरशः कशाकडंही नाही. पिपाणीच्या तोंडासमोरून पाण्यासारखी वाहत गेली. मी मनात म्हणालो, आली लाइनीवर.

तेवढ्यात धुळीनं मला ठसका लागला. साधा ठसका. ती थांबली. पूर्ण थांबली, रांगेच्या मधोमध, हात खाली सोडून. मागून शेजारच्या सोमलिंगची मुलगी आली आणि अलगद हात लावून गेली.

एवढ्या कल्लोळात टिकली आणि ठसक्यानं गेली. माणसाचं मन काय आहे, कळत नाही. शंभर दारं लावावीत तर ते खिडकीतून जातं.

घरी आल्यावर बायकोला, शिवम्माला, हे सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाली की शुक्रवारी सोलापूरला तपासायला जायचंय. मी म्हणालो, चाचणीनंतर बघू, आता सराव बुडवता येत नाही. "साकु," म्हणाली ती. रागावली की तिच्या माहेरची कानडी बाहेर येते. पुरे झालं, असा अर्थ.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सर्दी झाली म्हणून शिवम्मानं चप्पल लपवून ठेवली. घरीच होतो. दिवसभर अंथरुणात पडून होतो.

एक विचित्र स्वप्न पडलं. मी रांगेत बसलोय, खांबापासून चौथा. मागून कुणीतरी पाठीला हात लावून 'खो' म्हणतं. उठायला पाहिजे. पण गुडघे मातीत रुजलेत. सगळं मैदान शांत होऊन माझी वाट बघतंय, कुणी घाई करत नाही, कुणी रागवत नाही. जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि खरंच कुणीतरी दारात होतं.

शिवांजली होती. सराव अर्धा टाकून आली होती, बूट हातात. म्हणाली, दोरीवरच्या उड्यांची दोरी द्यायला आले. दोरी घेतली, बस म्हणालो, तर बसली नाही. दारातून एकदा सगळी खोली बघितली, गोळ्यांचा डबा बघितला, आणि गेली.

नंतर लक्षात आलं, ती दोरी माझी नव्हतीच.

मुलगी हाताबाहेर चाललीय. सराव सोडून गावात फिरते.

३० नोव्हेंबर, शनिवार

सोलापूरची तारीख काल होऊन गेली. शिवम्मा दोन दिवस बोलत नाही.

आज निर्णय घेतला. चाचणीत पळणाऱ्या तिघींची पहिली तुकडी मैदानात उतरते तेव्हा निवड समितीचे डोळे ताजे असतात. त्या तुकडीत शिवांजलीच्या जागी सृष्टी. शिवांजली शेवटच्या तुकडीत. तोवर दुपार झालेली असते, समितीचे लोक चहा पीत असतात. म्हणजे तिची निवड जवळजवळ गेलीच. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण संघ आहे, एकटीचा खेळ नाही.

करिश्माला सांगितलं. ती खाली वाकून चुन्याची रेघ ओढत होती, तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "सर, ती तुमच्याकडं बघायली."

मी म्हणालो, कधी?

"नेहमी. टाकीकडं न्हाय, पोत्यांकडं न्हाय. तुमच्याकडं. आख्ख्या टीमला म्हाईत हाय. शिवम्मा काकूंना बी म्हाईत हाय."

मी म्हणालो, वेड लागलंय का तुला, माझ्याकडं बघून तिला काय मिळणार? इतकी वर्षं मी शिकवतोय की मार्गदर्शकाकडं बघायचं नाही.

करिश्मानं रेघ पुरी केली आणि हात झटकले. हात झटकताना उडालेला चुना बराच वेळ हवेत राहिला.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी कुणाला न सांगता खुर्ची सोडून मैदानाच्या कडेनं चालायला लागलो. सावकाश. शिवांजली पळत होती. मी खांबाकडं गेलो, तिची मान खांबाकडं. मी शाळेच्या भिंतीकडं गेलो, मान भिंतीकडं. मी कडुलिंबामागं जाऊन उभा राहिलो तर ती सरळ बादच झाली, आणि बाद होऊनही लिंबाकडंच बघत राहिली.

सराव संपल्यावर तिला थांबवलं. करिश्मानं बाकीच्यांना हाकललं. आम्ही रेषेवर बसलो. ती मातीत बोटानं रेघा ओढत होती.

मी विचारलं, माझ्यात काय बघतेस? दूर कुठंतरी मोटर चालू होती, पाटात पाणी पडत होतं.

मग म्हणाली, "जुलैत तुम्ही खाली बसलात ते म्या बघितलं होतं, सर."

मला वाटलं पुढं काही असेल. पुढं ती रडेल असंही वाटलं. ती रडली नाही.

"बाकी कुणी बघितलं नव्हतं. माझं तोंड तुमच्याकडं होतं. तुम्ही बसलात, मग आडवं झालात. मला दिसलं. पण शिट्टी झाली न्हाय, म्हणून म्या पळतच ऱ्हायले. तुमच्याजवळनं दोनदा पळाले."

शिट्टी माझ्याच तोंडात होती. ती कोण वाजवणार होतं?

"करिश्माताई आली न्हाय तवर पळत होते. आता पळायले की वाटतं, आपण पळतोय आन् तिकडं सर..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही उमरग्याच्या सरांना सांगत होतात, पोरी पळत राहिल्या म्हणून. ती म्याच होते."

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. इतकी वर्षं मुलींशी बोलण्यावरच माझं पोट चाललं. मला माझ्या चपलेचा अंगठाच दिसत होता.

पाटाचं पाणी बंद झालं तेव्हा मी म्हणालो, तुझी चूक नाही. नियम माझा होता, आणि नियमात ही गोष्ट धरायची माझी राहून गेली.

ती म्हणाली, "व्हय." मला दिलासा द्यायला म्हणाली की खरंच तसं वाटून म्हणाली, ते कळलं नाही. मग उठली, कपडे झाडले आणि एकदम मोठ्या बाईसारखी म्हणाली, "तुम्ही सोलापूरला जाऊन या. तपासून या. मग बघायचं बंद करते."

शिवम्मा तिला भेटली होती की काय, कुणास ठाऊक.

२ डिसेंबर, सोमवार

मैदानावर सगळ्यांना सांगितलं: नियम बदलला. कुणी पडलं, कुणीही, तर शिट्टीची वाट बघायची नाही, थांबायचं. सृष्टीनं विचारलं, समोरच्या टीमची पोरगी मुद्दाम पडली तर? मी म्हणालो, तरी थांबायचं, बाद झालो तर झालो. तिला हे पटलं नाही. शिवांजली बुटाची नाडी बांधत होती, एकच नाडी, फार वेळ.

उद्या सोलापूर. शिवम्मानं चप्पल आपणहून दारात आणून ठेवली.

४ डिसेंबर, बुधवार

जाळी नीट आहे. चाला, ओरडू नका, तारखा चुकवू नका. डॉक्टरांनी ही वही मागितली. पानं उलटली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "यात पेशंट कुठाय?" खांद्याच्या दुखण्याशी मात्र थांबले, आणखी एक तपासणी केली, आणि एक गोळी वाढवली.

आज सकाळी शिवांजलीला कागद दाखवला. तिनं सगळा वाचला, अक्षर लागत नव्हतं तिथं करिश्माला विचारलं. मग पळायला गेली. पहिल्याच फेरीत मान वळली.

लांबूनच हात जोडून म्हणाली, "सर, आपोआप हुतंय."

करिश्मा इतकी हसली की तिला बसावं लागलं. मलाही हसू आलं. कागद बघून मन थांबलं असतं तर मग काय पाहिजे होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं. आतापर्यंत मी तिचं बघणं बंद पाडायला निघालो होतो. बघू नको, बघू नको. जितकं नको म्हणावं तितकं ते वर येतं. मग बघू दे की. फक्त कधी बघायचं, ते आपण ठरवू.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुलीला मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारी रांगेतून पलीकडं निघाली की मागचीला बसलेल्या कुणालातरी खो द्यावा लागतो, ती मुलगी उठणार, मग पळणार. तेवढा एक श्वास पळणारीचा मोकळा असतो. त्या श्वासात बघायचं. आणि मी असं उभं राहायचं की तिला मान वळवावी लागू नये. म्हणजे खांबाच्या मागं, रेषेच्या पार, तिच्या पळण्याच्या सरळ रोखात.

संध्याकाळी तिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे बघितलं तरी चालंल?" मी म्हणालो, बघितलंच पाहिजे. निघायचं, बघायचं, मी हात वर केला की मी आहे. मग पुढं.

तिचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवायला हात दिलाय.

१० डिसेंबर, मंगळवार

चार दिवस हेच. ती निघते, बघते, मी हात वर करतो. निघते, बघते, हात. आधी अडखळत होती. आता त्यात एक लय आलीय. खांबामागं उभं राहिलं की तिचं पळणं समोरून दिसतं, ते मी कधी बघितलं नव्हतं. कडेला उभा असायचो ना. ती माझ्याकडं येते, येते, मोठी होत जाते, आणि अगदी अंगावर येणार असं वाटतं तोच वळून दूर जाते. ओढ्यावर ऊन पडल्यावर पाणी हलतं आणि आपण कुठंच नसतो, तसं होतं काहीतरी. किती वेळ गेला कळत नाही. कुणाची एकाग्रता वाढतेय, हाच प्रश्न.

शिवांजली परत पहिल्या तुकडीत. सृष्टी दुसरीत गेली, तिला विशेष वाईट वाटलं नाही. दुसऱ्या तुकडीला आधी नाश्ता मिळतो.

१५ डिसेंबर, रविवार

निवड झाली. यादीत सहावं नाव वाचलं, शिवांजलीचं.

आता नीट लिहितो. परत येताना गाडीत मुली गाणी म्हणत होत्या, मग नळदुर्गच्या पुढं एकेक करून झोपल्या. मी मात्र टक्क जागा होतो, दुपारची गोळी घेऊनही.

धाराशिवच्या मैदानावर मार्गदर्शकांना मांडवात खुर्च्या होत्या. तिथून खांब तिरका दिसतो. मी खांबामागच्या दोरीपलीकडं, प्रेक्षकांत जाऊन उभा राहिलो. डोक्यावर ऊन. शेजारी एक शेंगा खाणारे गृहस्थ, त्यांच्या गावची मुलगी दुसऱ्या संघात होती. लाऊडस्पीकरवरून दोनदा माझं नाव घेतलं, मुरूमच्या सरांनी मांडवात बसावं. मी गेलो नाही. करिश्मानं जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, तिसऱ्यांदा बोलावलं नाही.

शिवांजली उतरली. तिच्याबरोबरच्या दोघी लवकर बाद झाल्या. मग ती एकटी, आणि समोरचा आख्खा संघ. रांगेतून निघाली, बघितलं, मी हात वर केला. परत आली, निघाली, बघितलं. हात. शेंगावाले म्हणाले, "लई चपळ हाय की पोरगी." मी काही बोललो नाही. बोलण्यात हात चुकला असता.

मग समोरच्यांनी त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी उठवली. खोमागून खो पडायला लागले, इतके जवळजवळ की वेगळे ऐकू येईनात. धूळ वर आली, धुळीत ऊन भरलं. त्या सोनेरी धुळीत शिवांजली दिसायची, हरवायची, भलत्याच जागी परत दिसायची. मी हात वर केला. ती रांगेतून निघाली, तो मोकळा श्वास तिला मिळाला, आणि तिनं तो घेतला. नुसता घेतला. डोळे माझ्या बाजूला होते, पण त्यात मी नव्हतो. पुढचं वळण होतं.

त्यानंतर एकदाही नाही. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा ती नाबाद होती, आणि थांबायला तिला आणखी चार पावलं लागली.

नंतर धावत दोरीपाशी आली. केसांत माती. घाबरल्यासारखी म्हणाली, "सर, तुम्ही होता ना इथं?"

होतो, म्हणालो.

"शेवटी शेवटी म्या बघायचंच विसरले."

मी म्हणालो, चालतंय. तिला अजून काही विचारायचं होतं, पण मुलींनी तिला ओढून नेलं. सृष्टीनं तिला पाठीवर घेतलं आणि दोघी पडल्या.

शेंगावाल्यांनी मला हळूच विचारलं, "मामा, कुणाला बोलवायलाव मघापासनं?"

तेव्हा बघितलं. माझा हात अजून वरच होता.

श्वास, छाती ठीक. झोप अजून आलेली नाही.